यीस्ट पडेपर्यंत

रोलंड: म्हणजे भरडून दे असं सांगितलंच नाहीस त्याला?

मार्नी: मला वाटलं भरडलेलेच असतात. दुकानात पिशव्या होत्या, उचलल्या, आले. पीठ घेताना कोणी विचारतं का, दळलेलं आहे ना म्हणून?

रोलंड: हे पीठ नाही, पोरी, हे जव आहेत. अख्खे. असेच गरम पाण्यात टाकलेस तर तासाभरानं तुला गरम पाण्यात पडलेले जव मिळतील. घोडा पाळ एखादा.

मार्नी: मग जाऊ का परत?

रोलंड: कशाला? माझी चक्की आहे ना. मागच्या फळीवर, बर्फ उपसायच्या फावड्यामागे. ड्रिल लावून फिरवायची. पण आज नको. भरडलेले जव ठेवून देऊ नयेत, वास जातो. शनिवारी सकाळी, अगदी करायच्या आधी भरडू. टरफल फुटलं पाहिजे, पीठ होता कामा नये. पीठ झालं की तळाला चिखल बसतो आणि तोटीतून थेंब येत नाही.

मार्नी: चक्की आहे घरात, आणि मला दहा मिनिटं ओरडतोयस.

रोलंड: ओरडत नाही. तुझी पहिली चूक माझ्याच गॅरेजमध्ये झाली याचं बरं वाटतंय.

मार्नी: आणि आज मग करायचं काय? एमेटला सांगून आलेय, दिवसभर बाबाकडे आहे, आमच्या लग्नाची बिअर करतेय.

रोलंड: आज पाणी. जव नाहीत, कडवटपणाची ती हॉप्सची फुलं नाहीत, काही नाही. सगळी भांडी काढायची, आणि शनिवारी जे करायचं ते सगळं आज नुसत्या पाण्यानं करून बघायचं. नाटकवाले तालीम करतात ना, तसं. कुठे गळतंय, किती वेळात उकळतंय, पातेलं दोघांना उचलतंय का. धान्यापासून पहिल्यांदा बिअर करणारा माणूस फसतो तो कशानं? आपल्याला सगळं येतं असं धरून चालतो म्हणून.

मार्नी: मी काहीच धरून चालत नाही. मी डब्यात तयार मिळणाऱ्या जवाच्या पाकाची बिअरसुद्धा एकदाच केलीय, आणि ती एमेटच्या आईनं झाडांना घातली.

रोलंड: झाडं जगली?

मार्नी: एक गेलं.

रोलंड: बघ. पण तुझी होणार चांगली. निम्मी बिअर म्हणजे भांडी धुणं असतं, आणि चीजच्या कारखान्यात टाक्या घासणाऱ्या मुलीला मी काय शिकवणार? ती बर्फाची पेटी घे इकडे. निळी. तिच्यात आपण मासेमारीला सँडविच नेत नव्हतो कधी, हे लक्षात आलंय का तुझ्या?

मार्नी: आलं होतं. तुझी माशांची पेटी गळकी होती आणि ही चांगली होती, आणि आम्ही लहान असताना हिला हात लावायचा नाही असा नियम होता.

रोलंड: ही गरम पाणी धरून ठेवते म्हणून. थंड ठेवणारी पेटी गरमही ठेवते, लोकांच्या हे डोक्यात येत नाही. आत तळाला तांब्याची नळी दिसतेय? भोकं पाडलेली? ती माझ्या हाताची. धान्य वर राहतं, गोड पाणी खालून तोटीत येतं.

मार्नी: बाबा, आधी मला एक सांग. व्हर्नला विचारलंस का?

रोलंड: विचारलं.

मार्नी: खरं सांग.

रोलंड: दारू सोडलेल्यांच्या मंगळवारच्या बैठकीनंतर विचारलं. सगळ्यांसमोर नाही, पार्किंगमध्ये. आधी म्हणाला, गॅरेजचं दारसुद्धा उघडू नकोस. सहा वर्षं दारू सोडून झाली म्हणून शहाणा समजू नकोस स्वतःला. मग मी त्याला समजावलं. यीस्ट पडेपर्यंत ते नुसतं गोड पाणी असतं, जवाचं सरबत. लहान पोराच्या तोंडाला लावलं तरी चालेल. दारू यीस्ट करतं, आपण करत नाही. तेव्हा म्हणाला, ठीक. पण यीस्टच्या पुडीला हात लावायचा नाही, पुडी फुटायच्या आधी गॅरेजच्या बाहेर, आणि बाहेर पडल्या पडल्या मला फोन.

मार्नी: आणि झालेल्या बिअरची चव?

रोलंड: तू बघ, एमेट बघेल. मला सांगू नका कशी झाली ते. किंवा सांगा. नंतर ठरवू. पेटव आता शेगडी.

मार्नी: पाणी किती गरम?

रोलंड: हवं त्यापेक्षा जास्त, कारण धान्य थंड असतं आणि पेटीही थंड असते, दोघं ओढून घेतात. आधी थोडं कढत पाणी ओतून पेटी गरम करून घ्यायची, मग ते फेकायचं. आपल्याला धान्य आणि पाणी मिळून फॅरनहाइटचा काटा एकशे बावन्नवर हवा. त्याच्या फार खाली गेलं की बिअर पातळ, कोरडी. वर गेलं की जड, जिभेला चिकटणारी. पार कढत पाणी ओतलंस तर जवाचा गोडवा निघतच नाही, मरून जातो. शनिवारी घाई झाली, फोन आला, फोटोवाला आला, काही झालं तरी काट्यावरून नजर काढायची नाही.

मार्नी: तोटी गळतेय.

रोलंड: कुठे? अच्छा. हे बघ, म्हणून तालीम. आतलं रबर वाळलंय. मी आणेन नवीन. आता फडकं लाव.

मार्नी: तुला हे सगळं पाठ आहे. कुठे लिहिलेलं नसतानासुद्धा.

रोलंड: लिहून ठेवतात ते विसरायची भीती असते म्हणून. मी हातानं करायचो. लोक विचारायचे, रोलंड, तुझ्या तांबड्या बिअरला मागून गोडसर वास येतो, फुलांसारखा, तो कशाचा? घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातले तर घोटाघोटाला नाक घालून बसायचे ग्लासात. मी म्हणायचो, काही नाही, एकशे बावन्नचा वास आहे तो. काटा हलू द्यायचा नाही, बस.

मार्नी: झालं पाणी. ओतते.

रोलंड: हळू. शनिवारी तू ओतशील, मी ढवळीन. गुठळी राहिली तर आत कोरडं राहतं. हं. झाकण. आता तासभर उघडायचं नाही.

मार्नी: आणि आपण तासभर नुसतं बसायचं?

रोलंड: नुसतं बसायचं. हीच वेळ अवघड. तुला नाही, मला. धान्य भिजत घातलं, झाकण लावलं, की पहिली बाटली उघडायची ही आमच्याकडची रीत. मागच्या खेपेची बाटली पुढच्या खेपेच्या नावानं. माझा बाप करायचा, त्याचा बाप करायचा. बाटली न उघडता केलेली बिअर रुसते म्हणायचे.

मार्नी: पहिली.

रोलंड: हो. पहिलीच म्हणायचो आम्ही तिला. कॉफी आणलीयस का?

मार्नी: आणलीय. आणि कारखान्याच्या दुकानातले चीजचे तुकडे आणलेत, ताजे, दाताखाली करकर वाजणारे. खा. आणि मी एक बोलणार आहे, ते ऐक.

रोलंड: लग्नाच्या जेवणाच्या हॉलबद्दल असेल तर नको.

मार्नी: एमेटचा भाऊ हॉलमधल्या बिअरच्या पिंपाच्या तोटीला लाकडी मूठ करतोय. अक्रोडाची. तिच्यावर 'रोलंडची तांबडी' असं कोरणार आहे.

रोलंड: कोरू दे की.

मार्नी: तू तिथे नसताना?

रोलंड: मी चर्चमध्ये आहे ना. तुझा हात धरून आत आणीन, एमेटच्या हातात देईन, पहिल्या बाकावर बसेन. सूट धुऊन आणलाय. त्यानंतर हॉलमध्ये माझं काय काम?

मार्नी: जेवायचं. माझ्याबरोबर एक पोल्का नाचायचा. इतर बाप करतात ते.

रोलंड: इतर बापांना लोकांनी हॉलमध्ये बघितलेलं नाही.

मार्नी: डर्कच्या लग्नाला वर्षं झाली, बाबा. त्याला पोरं झाली.

रोलंड: तू त्याच्या बायकोच्या, माझ्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं होतंस? मी माईक हातात घेतला आणि तिला डर्कच्या आधीच्या मैत्रिणीच्या नावानं हाक मारली. लोकांनी सांगितलं, अरे रोलंड, ही ती नव्हे. मग मी मोठ्यानं पुन्हा तेच नाव घेतलं.

मार्नी: ती हसते आता त्यावर.

रोलंड: ती हसते, चांगली आहे म्हणून. मी नाही हसत. आणि ते तर काहीच नाही. त्यानंतर मी कोटांच्या खोलीत गेलो.

मार्नी: झोपलास. माहितेय सगळ्यांना.

रोलंड: झोपलो नव्हतो मी.

मार्नी: म्हणजे?

रोलंड: जानेवारी होता. सगळ्यांचे जाड कोट तिथे पलंगावर टाकलेले. त्यांच्यावर जाऊन पडलो. घरी निघाले तसे एकेक जण आत यायचे आणि माझ्याखालून आपापला कोट ओढून काढायचे. कोणी बोलत नव्हतं. एक बाही ओढली की मी जरासा कलंडायचो. तुमच्या तिसरीच्या बाई होत्या ना, त्या वाकल्या, आपला कोट काढला आणि मला सॉरी म्हणाल्या. स्वतःचा कोट घेताना. मी डोळे मिटूनच राहिलो. उघडले असते तर त्यांना नमस्कार करावा लागला असता.

मार्नी: हे तू कधी बोलला नाहीस.

रोलंड: यात बोलण्यासारखं काय आहे? त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर मी आता हातात कोकची बाटली घेऊन उभा राहू? प्रत्येक जण ग्लासात वाकून बघेल, की कोकच आहे ना.

मार्नी: बघू देत. असेल कोकच.

रोलंड: एक गोष्ट मात्र होती. बिअर चांगली होती. त्या खोलीतसुद्धा एक जण कोट ओढता ओढता बायकोला म्हणाला, बाकी काही असो, बिअर करावी ती रोलंडनंच. ते मी ऐकलं. तेवढं एक वाक्य मी आजपर्यंत जपलंय, मार्नी. नोकरी गेली, गाडीचं लायसन्स गेलं, तुझी आई सोडून गेली, आणि सगळं माझ्याच करणीनं गेलं. पण बिअर माझी चांगली होती. तू आलीस आणि म्हणालीस, लग्नाला तुझी तांबडी हवी, तेव्हा वाटलं, चला, खाली मान न घालता देता येईल असं काहीतरी आहे आपल्याकडे. म्हणून हो म्हणालो. मूठ पाठवतोय ना मी हॉलमध्ये? मूठ पुरे.

मार्नी: मला मूठ नकोय.

रोलंड: कॉफी गार होतेय तुझी.

मार्नी: झाला तास. काटा बघू?

रोलंड: बघ. किती?

मार्नी: एकशे एकोणपन्नास.

रोलंड: तीन उतरला. धान्य असेल तेव्हा कमी उतरेल, तरी शनिवारी पेटीवर जुनी रजई टाकू. आता तोटी उघड, हळू. पहिलं जे येईल ते गढूळ असतं, भांड्यात धरायचं आणि पुन्हा वरून धान्यावर सोडायचं. नितळ यायला लागलं की मोठ्या पातेल्यात. मग वरून दुसरं गरम पाणी, अगदी संथ, धान्य धुऊन घ्यायचं. उरतो तो चोथा. तो त्याच दिवशी अल्विनच्या कोंबड्यांना द्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गॅरेजला असा वास सुटतो की मांजर येत नाही.

मार्नी: आणि पातेलं शेगडीवर.

रोलंड: पातेलं शेगडीवर, आणि उकळी.

मार्नी: आली उकळी. आता हॉप्स?

रोलंड: आता हॉप्स.

मार्नी: मी तीन पुड्या आणल्यात. दुकानवाला म्हणाला, कधी काय घालायचं ते तुमच्या वडिलांना विचारा. कुठली आधी?

रोलंड: कडू असेल ती आधी. बाकीच्या नंतर.

मार्नी: नंतर म्हणजे कधी?

रोलंड: जरा वेळानं. अंदाज येतो.

मार्नी: कशावरून येतो? वासावरून?

रोलंड: वासावरून. हो. आणि एकंदर बघून.

मार्नी: काय बघून? बाबा, काट्याचं तू मला एकेक अंश सांगितलास. आता 'एकंदर' काय?

रोलंड: अगं, उकळायला काय लागतं? उकळतंय ते. तासभर उकळू द्यायचं.

मार्नी: बरं. आणि गार? कारखान्यात आम्ही दूध तापवलं की लगेच गार करतो, मध्ये लटकत ठेवलं तर जंतू लागतात. इथेही तसंच असणार. एवढं पातेलं पटकन गार कसं करायचे तुम्ही?

रोलंड: तांब्याचं वेटोळं आहे. ते पातेल्यात सोडायचं, आतून नळाचं थंड पाणी जातं.

मार्नी: कुठेय?

रोलंड: खिळ्याला असेल. त्या मागच्या.

मार्नी: तिथे पंप आहे सायकलचा.

रोलंड: मग वरच्या फळीवर.

मार्नी: नाही. बाबा, शेवटचं कधी बघितलंस तू ते?

रोलंड: बघितलंय मी. असणारच की.

मार्नी: आणि गार झाल्यावर? बादलीत भरायचं, यीस्ट घालायचं, तळघरात न्यायचं. भरलेली बादली त्या उभ्या जिन्यानं खाली कशी नेत होतास?

रोलंड: सकाळी उठायचो तेव्हा ती खालीच असायची. झाकण घट्ट, बुडबुडे काढत. मी कान लावून ऐकायचो. फार छान वाटायचं.

मार्नी: कोण नेत होतं?

रोलंड: मीच. मीच नेत असणार.

मार्नी: असणार?

(रोलंड स्वतः उठून वरची फळी चाचपतो.)

मार्नी: मला एक आठवतं. आम्हाला झोपायला पाठवायचे, पण माझ्या खिडकीतून गॅरेजचं दार दिसायचं. आई बर्फातले बूट घालून इथे उभी असायची, ढवळत. मला वाटायचं, तुला मदत करतेय.

रोलंड: मी कुठे असायचो?

मार्नी: खुर्चीत. मला वाटायचं, लक्ष ठेवतोयस.

रोलंड: गॅस बंद कर.

मार्नी: बाबा.

रोलंड: नको, चालू ठेव. तिला फोन लाव. मी लावला तर उचलणार नाही. तू लाव. स्पीकरवर.

मार्नी: नक्की?

रोलंड: लाव म्हणतो ना.

जोलीन: बोल गं. केकवाल्या बाईचा फोन आला होता, तिला रंग—

मार्नी: आई, मी बाबाकडे आहे. तो ऐकतोय.

जोलीन: बरं.

रोलंड: जोलीन, ते तांब्याचं वेटोळं.

जोलीन: माझ्याकडे आहे. परसात घेवड्याचा वेल चढवलाय त्याच्यावर.

रोलंड: तू का नेलंस ते?

जोलीन: माझं होतं म्हणून नेलं. घर सोडताना माझ्या वस्तू नेल्या मी. इतक्या वर्षांत तुला ते नाही हे आज कळतंय, रोली?

रोलंड: आज कळतंय.

जोलीन: हं.

रोलंड: हॉप्स कधी घालायचे?

जोलीन: पहिली पुडी उकळी आल्यावर, पण फेस वर येतो तो बसू द्यायचा आधी. तेव्हा नजर हलली की सगळं उतू जातं, फरशी आठवडाभर चिकटते. दुसरी पुडी उकळणं संपत आलं की. तिसरी गॅस बंद केल्यावर. आणि त्याच वेळी मध.

रोलंड: काय?

जोलीन: मध. माझ्या बहिणीच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला. वाटीभर.

रोलंड: तांबडीत मध असतो?

जोलीन: तांबडीत कायम मध होता.

रोलंड: मी लोकांना सांगायचो, एकशे बावन्नचा वास आहे.

जोलीन: ऐकायचे मी. मागे उभी असायचे ना, ट्रे घेऊन.

मार्नी: आई, तू कधीच काही बोलली नाहीस.

जोलीन: काय बोलायचं होतं? पहिल्या वेळी तो झाकण लावून प्यायला बसला, आणि तास झाला तेव्हा उठत नव्हता. एवढं धान्य वाया जाणार म्हणून मी पुढचं केलं. त्याच्या बापाला करताना बघितलं होतं. पंधरवड्यानं बाटल्या उघडल्या, लोक वाहवा करायला लागले, आणि हा असा उभा होता, ताठ. कितीतरी दिवसांनी ताठ. म्हटलं, राहू दे. एवढी एकच गोष्ट आहे त्याला मिरवायला. ती काढून घेतली तर राहतं काय?

रोलंड: आज गेली ती.

जोलीन: तू फोन लावलास, मी नाही.

रोलंड: मी तुला दोष देत नाहीये. मला कळत नाहीये, मी काय केलं इतकी वर्षं. लोकांचे पेले भरले, पाठ थोपटून घेतली, तुझ्यासमोर. तुझ्यासमोर घेतली, जोलीन. मला वाटत होतं, निदान या एका गोष्टीची मला लाज वाटायला नको.

जोलीन: लाज तुला एकट्यालाच वाटते असं समजू नकोस.

रोलंड: तुला कसली?

जोलीन: बाटल्या भरत कोण होतं? पहिल्याच वेळी पातेलं मोरीत ओतून दिलं असतं तर पुढच्या वेळी उघडायला बाटली नसती. मी ओतलं नाही. धुतल्या, भरल्या, बुचं लावली, तळघरात रांगा लावून ठेवल्या. आणि मला बरं वाटायचं, रोली. लोक चांगली म्हणायचे तेव्हा माझ्या मनात उकळ्या फुटायच्या. माझं नाव कोणी घेत नव्हतं तरी. तू खुर्चीत कलंडायचास आणि मी मध मोजायचे. हे मी कोणाला सांगू?

मार्नी: आई, रडतेयस का?

जोलीन: नाही. कांदा चिरतेय.

रोलंड: मार्नी, मला ही बिअर नाही जमायची. मला अर्धीच येते. मी तुला उगाच शब्द दिला.

मार्नी: मग अर्धी कर.

रोलंड: काय?

मार्नी: तुला येते ती अर्धी तू कर. चक्की, पाणी, काटा, धान्य. ते तुझंच आहे ना? का तेही आईचं?

जोलीन: ते त्याचं. त्याच्याइतका काटा मला कधी सांभाळता आला नाही. मी एकटीनं एकदा करून बघितली, वेगळं राहायला लागल्यावर. पिठल्यासारखी झाली.

मार्नी: मग आई, शनिवारी ये. घेवड्याला दुसरी काठी दे आणि ते वेटोळं घेऊन ये.

जोलीन: शनिवारी मला केस कापायला जायचंय.

मार्नी: आई.

जोलीन: दुपारनंतर येईन. उकळीला. मध आणीन. पण मी आले की रोली तिथे खुर्चीत बसलेला नको.

रोलंड: खुर्ची देऊन टाकतो आजच.

मार्नी: आणि यीस्टच्या वेळी तू बाहेर. चोथा भर गाडीत— नाही, लायसन्स मिळालंय ना परत?

रोलंड: मिळालंय.

मार्नी: तर चोथा भरायचा आणि अल्विनकडे घेऊन जायचं. कोंबड्यांना घालायचा, तिथूनच व्हर्नला फोन. परत येशील तेव्हा बादली तळघरात असेल.

रोलंड: तळघरात नको. एमेटकडे ने. माझ्या घरात बुडबुडे नकोत.

मार्नी: बरोबर. एमेटकडे. आणि मुठीवर काय कोरायचं? आई, तुझं नाव—

जोलीन: मला नको मूठबीठ. नुसतं 'तांबडी' लिहा. ज्याला प्यायची तो पिईल.

रोलंड: तिचं नाव लिही.

जोलीन: रोली, नको म्हटलं ना. उद्या सगळा क्लब विचारायला येईल आणि मला उभ्यानं तेच तेच सांगावं लागेल.

रोलंड: मग मी सांगेन. कोणी विचारलं तर मी सांगेन.

मार्नी: कुठे सांगशील? तू तर हॉलमध्ये येणार नाहीस.

रोलंड: आता तर मुळीच कसा येऊ? आधी निदान काहीतरी पाठवत होतो. आता हातात काय आहे माझ्या?

जोलीन: आहेर पाहुणे आणतात. बापानं रिकाम्या हातानं आलेलं चालतं.

रोलंड: जोलीन, तुला माहीत नाही. त्या रात्री, डर्कच्या लग्नात, कोटांच्या खोलीत मी जागा होतो.

जोलीन: माहितेय मला.

रोलंड: कसं?

जोलीन: माझा कोट तुझ्या डोक्याखाली होता. घ्यायला आले होते. तुझ्या पापण्या हलत होत्या.

रोलंड: कोणी ओढला, कोणी नाही, मला सगळं आठवतं. तू नाही ओढलास.

जोलीन: नाही. डर्कच्या सासूची शाल घेऊन गेले. या वेळी हॉलमध्ये जेवण चांगलं आहे. मार्नीनं मासे ठेवलेत.

मार्नी: आणि पोल्का आहे.

रोलंड: मी उभा कुठे राहू पण? दारातून आत आलं की डाव्या हाताला तीच खोली आहे. येणारा जाणारा प्रत्येक जण तिकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल.

जोलीन: लग्न जूनमध्ये आहे, रोली. कोणी कोट घालून येणार नाही.